‘हायवेच्या चौकाबद्दल लोकांना काय विचारायचं?’

हायवेवरच्या चौकाच्या सुधारणेचं काम निघालं की एक मेसेज हमखास फिरतो: अपघात कुठे होतात ते पोलिसांच्या नोंदीत आहेच, लोक फक्त गतिरोधक मागतात, उड्डाणपूल झाला की प्रश्न मिटतो, सुनावणीही होतेच, मग सूचना मागवण्याचा खटाटोप कशाला? एकेक मुद्दा घेऊ.

‘नोंदीत सगळं आहे.’ नोंदीत फक्त घडलेला अपघात असतो. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 जण दगावले, की तो ब्लॅक स्पॉट, म्हणजे सरकारी यादीतली अपघातप्रवण जागा. यादीत यायला आधी माणसं जावी लागतात. थोडक्यात हुकलेली धडक कुठेच लिहिली जात नाही.

उसाचा हंगाम बघा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर साधारण 15 मीटर लांब. चौपदरी रस्त्याच्या दोन्ही बाजू 7-7 मीटर आणि मध्ये साडेचार मीटरचा दुभाजक धरला, तर शेवटची ट्रॉली पार व्हायला त्याला 33 मीटरहून जास्त जावं लागतं. ताशी 7 किलोमीटरनं 17 सेकंद. तेवढ्यात ताशी 80 नं येणारा ट्रक सुमारे 380 मीटर पुढे येतो. दुभाजकाच्या फटीत थांबावं, तर मागची ट्रॉली आधीच्या लेनमध्ये आडवी. वाहनगणना पावसाळ्यात झाली तर हे ट्रॅक्टर कागदावर येतच नाहीत. कारखान्याच्या गेटवर मात्र कुणीही सांगेल.

‘लोक गतिरोधकच मागतात.’ मागतात, खरं आहे. आणि महामार्गाच्या मुख्य लेनवर तो नकोच: पुढचा ट्रक अचानक ब्रेक मारतो, मागचा त्याच्यावर आदळतो. पण ‘काय हवं?’ असं विचारल्यावर दुसरं काय येणार? उपाय विचारूच नये, अडचण विचारावी. किलोमीटरचा दगड कोणता, वेळ कोणती, कुठून कुठे जायचं होतं, वाहन कोणतं, काय दिसलं नाही. मग कळतं की जोडरस्त्यावरून येणाऱ्याला होर्डिंग किंवा ढाब्यापुढे उभे ट्रक आड येतात. ताशी 80 वेगाला थांबायला 120 मीटर मोकळी नजर लागते. अशा वेळी आडोसा हटवणं आणि गतिरोधक जोडरस्त्यावर, महामार्गाला मिळण्याआधी घालणं हा उपाय निघतो. राँग साइडचंही तसंच. यू-टर्न दोन किलोमीटर लांब असेल तर बाइकवाला उलटा येणारच. दंडाच्या पावत्या फाडून ते थांबत नाही.

‘पूल झाला की मिटलं.’ पुण्यात नवले पुलाजवळ पूल आहेच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा उतार तसाच राहिला. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून पकड सोडतात. 20 नोव्हेंबर 2022 ला याच उतारावर एका ट्रकनं वाहनांची रांगच्या रांग ठोकरली. हे ड्रायव्हरांकडून समजून घ्यायचं, आणि त्यांना सभेला बोलावून ते येत नाहीत; ट्रक टर्मिनलवर जावं लागतं. शाळेच्या मुलींचं आणि रस्ता पायी ओलांडणाऱ्या मजुरांचंही तेच.

‘सुनावणी होतेच.’ महामार्ग कायद्यातली 21 दिवसांची मुदत जमिनीवरच्या हरकतींसाठी असते, पर्यावरणाची जनसुनावणी पर्यावरणासाठी. वळण कुठे, भुयारी मार्गाची उंची किती, एसटीचा थांबा चौकाच्या अलीकडे की पलीकडे, हे दोन्हीकडे बसत नाही. उसाची भरलेली ट्रॉली अडेल इतका बुटका भुयारी मार्ग त्यातूनच होतो.

म्हणून नकाशा मराठीत, ओळखीच्या खुणांसह, एसटी स्टँडवर आणि ग्रामपंचायतीत लावावा, तोही प्रकल्प अहवाल पक्का होण्याआधी. कंत्राट दिल्यावर साधा भुयारी मार्ग वाढवायचा तरी नवी मंजुरी आणि वाढीव पैसे लागतात. तोवर लोकांनी दुभाजक फोडून आपली वाट केलेली असते.