वाइनच्या व्यवसायाची पदवी नाशिकला हवी आहे

वाइन कशी तयार करायची, हे शिकण्याची सोय आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी झाली आहे. पुणे विद्यापीठाच्या कक्षेत वाइन तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आले, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र वाणांपासून खुंटांपर्यंत सगळ्यावर काम करते आणि नाशिकच्या वायनरींमध्ये इथेच शिकलेली मुले आज टाक्यांवर उभी असलेली दिसतात. मात्र तयार झालेली वाइन कोणत्या किमतीला, कोणत्या राज्यात, कोणत्या परवान्यावर आणि कोणाच्या भांडवलावर विकायची, हे पदवीच्या पातळीवर पद्धतशीर शिकवले गेले पाहिजे याचा आपण गंभीरपणे विचार केलेला नाही. मी वाणिज्य शाखेत शिकवते, माझे माहेर दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचे आहे, आणि या दोन्ही बाजूंनी पाहताना ही उणीव मला फार मोठी वाटते.

जगात ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा स्टेट विद्यापीठाने 1996 मध्ये वाइन व्यवसायाचा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेत या विषयात पदवी देणारे ते पहिले विद्यापीठ. 2008 मध्ये त्यांनी त्याच विषयाचे एमबीएही सुरू केले. ही पदवी मुळात व्यवसाय प्रशासनाचीच आहे. विपणन, अर्थव्यवस्थापन, कायदा हे नेहमीचेच विषय तिथे वाइनच्या उदाहरणांतून शिकवले जातात. सोनोमाचा नाशिकशी संबंध तर थेट आहे. राजीव सामंत यांनी नाशिकची सुला ही वायनरी उभी केली तेव्हा सोनोमातले वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की त्यांच्या सोबत होते आणि 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. सोनोमातून आपण तंत्र घेतले, पण त्या तंत्राच्या शेजारी तिथे उभी राहिलेली व्यवसायशिक्षणाची व्यवस्था काही घेतली नाही.

वेगळ्या पदवीची गरज का, नेहमीचे बी.कॉम. किंवा बीबीए पुरत नाही का, असा प्रश्न माझे सहकारीही विचारतात. त्याचे उत्तर वायनरीच्या ताळेबंदात आहे. वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात येतात, म्हणजे वर्षभराच्या कच्च्या मालाची खरेदी काही आठवड्यांत उरकावी लागते. त्यातली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन वर्षाच्या आत विकली जाईल, पण लाकडी बॅरलमध्ये ठेवलेली शिराझ किंवा कॅबरने ही लाल वाइन दोन-दोन वर्षे पैसे अडवून बसते. एका बॅरलमध्ये 225 लिटर, म्हणजे 300 बाटल्यांची वाइन मावते. त्या 300 बाटल्यांत गुंतलेल्या रकमेवर व्याज चालू असते, बॅरलचा घसारा चालू असतो, आणि विक्री मात्र शून्य असते. खेळत्या भांडवलाचा जो हिशेब आपण वर्गात कापड दुकानाच्या किंवा साखर कारखान्याच्या उदाहरणाने शिकवतो, तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न आणखी कठीण होतो. थॉम्पसन या खायच्या द्राक्षाचा माल निर्यातदाराने नाकारला तर तो स्थानिक बाजारात जातो, तिथेही भाव पडला तर त्याचा बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला असा दुसरा दरवाजा नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. हे द्राक्ष खायला कोणी घेत नाही. त्यामुळे वाइनच्या वाणाची बाग लावणारा शेतकरी पुढची कित्येक वर्षे वायनरीशी झालेल्या कराराच्या भरवशावर असतो. माझ्या माहेरच्या गावात एका बागायतदाराने केलेला असा करार मी स्वतः वाचला आहे. तो एका पानाचा होता, त्यात साखरेचे प्रमाण किती हवे हे नेमके लिहिले होते आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे याचा उल्लेखच नव्हता. पैसे थकले, आणि शेवटी ती शिराझची बाग तोडली गेली. करारावर सही करताना शेतकऱ्याच्या बाजूला हा धंदा समजणारे कोणीही नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

हे एकाच गावात घडले असे नाही. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले आणि अनेकांनी उत्साहाने वायनरी काढल्या. 2008 च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांमुळे हॉटेलांतली मागणी आटली, तेव्हा टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक नाही अशी अवस्था झाली. नारायणगावची शॅटो इंडाज ही कंपनी तर 1980 च्या दशकापासून या क्षेत्रातली अग्रणी. तिला वाइन करता येत नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. परदेशातल्या कंपन्या विकत घेऊन केलेला विस्तार आणि त्यासाठीची कर्जे तिला पेलली नाहीत. आपल्या वाइन उद्योगाचे मोठे अपघात मुख्यतः हिशेबाच्या टेबलावर झाले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याचा विषय तर एका स्वतंत्र सत्राचा आहे. मद्य राज्यसूचीत येते आणि पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे नाशिकची बाटली दुसऱ्या राज्यात पाठवायची तर तिथली लेबलनोंदणी, तिथले शुल्क, तिथली वितरणाची पद्धत हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. अमेरिकेतही 1933 मध्ये दारूबंदी उठल्यावर हे अधिकार राज्यांकडेच गेले, आणि परराज्यातल्या वायनरींना ग्राहकाला थेट वाइन पाठवण्यापासून भेदभावाने रोखता येणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला 2005 मध्ये सांगावे लागले. आपल्याकडे जानेवारी 2022 मध्ये 1000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय झाला, त्याला तीव्र विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार लागू झाला आणि 5 ते 15 डॉलर किमतीच्या बाटलीवरचे आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आले. पुढे ते 50 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. या घडामोडींचा एकत्रित अर्थ लावणारी माणसे आपल्या जिल्ह्यात तयार व्हायला नकोत का?

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मीही पाहिली आहेत, आणि मादक पेयांना आळा घालण्याचे मार्गदर्शक तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या कलम 47 मध्ये आहे. म्हणूनच या पदवीत जाहिरातीवरची बंधने, वयाची अट आणि व्यसनाचे सामाजिक परिणाम हे विषय सक्तीचे असावेत. हा उद्योग कायदेशीर आहे, हजारो एकर जमीन त्याच्याशी बांधलेली आहे, आणि तो अर्धवट माहितीच्या लोकांच्या हाती ठेवण्याने एकही संसार वाचणार नाही.

ज्यांना परवडते ते दिजाँ, ॲडलेड किंवा सोनोमाला जातातच. त्यांनी अवश्य जावे. पण तिथे त्यांच्या बाजारपेठेसाठी माणसे घडवली जातात. महाराष्ट्राचा उत्पादन शुल्क परवाना तिथे कोणी शिकवणार नाही. हे काम विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्राने इथल्या वाणिज्य आणि कृषी महाविद्यालयांना सोबत घेऊन करावे. अभ्यासक्रम आखताना एक गोष्ट मात्र पहिल्यापासून ठरवून घ्यावी लागेल: जानेवारी ते मार्च हे तीन महिने विद्यार्थी वर्गात नसावा. त्या काळात त्याने वजनकाट्यावर, खरेदीच्या नोंदींवर आणि शेतकऱ्यांच्या देयकांवर काम करावे, आणि सत्र परीक्षा एप्रिलच्या छाटणीनंतर घ्याव्यात.