‘आधी पदवी दाखवा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना उत्तर

नमस्कार डॉक्टर,

सेप्सिसमधे, म्हणजे इन्फेक्शनला शरीराची प्रतिक्रिया बेफाम होऊन अवयव बिघडायला लागतात तेव्हा, मेंदू कसा बिघडतो या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप वाचले. आकडे फुगवलेत, प्रयोग बरेचसे उंदरांवरचे आहेत, भाषा घाबरवणारी आहे, आणि मग हे: "अहो ताई, नामांकित जर्नलमधल्या रिसर्चवर शंका घेणाऱ्या तुम्ही कोण? आधी पदवी दाखवा." बाकीचं ठीक आहे हो, पण हे वाचून डोकं फिरलं. ताई म्हणायचं आणि वर दरडावायचं, ही कुठली पद्धत?

योआखिम बोल्ट हे नाव ऐकलंय ना? जर्मन भूलतज्ज्ञ. स्टार्च मिसळलेल्या सलाइनवर ढीगभर पेपर, तेही नामांकित जर्नलांमधे, पीअर रिव्ह्यू (म्हणजे इतर तज्ज्ञांकडून तपासणी) होऊन. २००९ च्या एका पेपरमधले आकडे संशय यावा इतके नीटनेटके आहेत असं वाचकांनी संपादकांना कळवलं तेव्हा कुठे चौकशी लागली, २०१० मधे तो पेपर मागे घेतला आणि पुढे शंभराहून जास्त गेले. हे असलं सलाइन सेप्सिसच्या पेशंटना दिलं जायचं, आणि २०१२ च्या मोठ्या ट्रायलमधे (पेशंटवरच्या चाचणीत) त्याने मृत्यू वाढलेले दिसले! ते वाचक डॉक्टर होते म्हणाल, असतील, पण गडबड पकडली ती आकडे वाचून, पदवी भिंतीवर टांगून नाही.

आणि माझं विचारताय तर आई आयसीयूत असताना मी तिथेच होते. युरीन इन्फेक्शनवरून सेप्सिस झालं, माणसं ओळखेना, नळ्या ओढायची, आणि आम्हाला काय सांगितलं तर "वयामुळे होतं असं". मेंदूत इन्फेक्शन नव्हतं, सीटी नॉर्मल. घरी आल्यावरही कित्येक महिने साधा हिशोब जमत नव्हता. सेप्सिसमधून वाचलेल्या वयस्कर लोकांची स्मरणशक्ती, विचारशक्ती पुढेही घसरलेली राहते हा जामा या वैद्यकीय जर्नलमधला २०१० चा अमेरिकन अभ्यास मी तेव्हा शोधून वाचला, कारण समोरचं कोणी नीट सांगेना. मग मी वाचायचं नाही तर कोणी?

आकड्यांचं म्हणाल तर सेप्सिसच्या ७० टक्के पेशंटचा मेंदू बिघडतो हे शीर्षकात टाकायला नको होतं, तेवढं मान्य. पण सेप्सिस असोसिएटेड एन्सेफॅलोपथीची (सेप्सिसमुळे मेंदूचं काम बिघडण्याची) व्याख्या प्रत्येक अभ्यासात वेगळी, कोणी नुसतं डेलिरियम (भ्रमिष्टपणा) धरतं, कोणी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) बघतं, म्हणून १० टक्क्यांच्या आतपासून ७० पर्यंत काहीही येतं, हे लेखात होतं. तिथवर पोचला नसाल. उंदरांचंही होतं. भाषेबद्दल तर तुमचीच कमेंट परत वाचा.

पुढच्या वेळी कुठला पेपर, कुठलं टेबल ते सांगून लिहा. तुमच्या "आम्ही रोज बघतो" एवढ्यावर मी उत्तर देणार नाही.