एलएलएम म्हणजे सनद नव्हे!

आज डोकं तापलंय म्हणून लिहितोय. नागपुरात लॉ कॉलेज चौकात सिग्नलला थांबलो होतो. समोर पुन्हा तसाच फलक! काळ्या कोटातली हसरी मुलगी आणि खाली मोठ्या अक्षरांत, कॅनडात एलएलएम करा, कॅनडात वकील व्हा. एलएलएम म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी; सनद म्हणजे वकिलीचा परवाना, ती वेगळीच गोष्ट. या एका वाक्यापायी माझ्या लहान बहिणीची तीन वर्षं गेली आणि बाबांचा बेसाचा प्लॉट बँकेकडे गहाण पडलाय.

ती इथल्या जिल्हा न्यायालयात नऊ वर्षं प्रॅक्टिस करत होती. दिवाणी बाजू. वाटपाचे दावे, भाडेकरूंची भांडणं. जावयांची बदली टोरांटोला झाली, तेव्हा तिला तिथेही वकिलीच करायची होती. धरमपेठेतल्या एका एजंटकडे मीच तिला घेऊन गेलो. तो म्हणाला, "मॅडम, एक वर्षाचं एलएलएम केलं की तुम्ही तिथल्या वकील. टेन्शनच नाही." मी दोनदा विचारलं, नक्की ना? "अहो दादा, आपले किती पोट्टे गेले इथून!" फी, राहणं, तिकीट धरून 22 लाखांचं कर्ज झालं.

खोटं बोलला तो. सरळ खोटं. परदेशी पदवी असलेल्या वकिलाला कॅनडात सुरुवात एलएलएमपासून करावीच लागत नाही. आधी एनसीएकडे अर्ज करायचा. तिथे प्रत्येक प्रांतात वकिलांना परवाना देणारी लॉ सोसायटी असते; त्या सोसायट्यांच्या महासंघाची ही समिती. ती तुमची पदवी आणि अनुभव तपासते, आणि कोणते विषय पूर्ण करायचे ते लेखी कळवते. घटनात्मक कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वं आणि वकिली आचारसंहिता, हे पाच तर आपल्याकडच्यांना चुकतच नाहीत. ते एकतर समितीच्या परीक्षा देऊन पूर्ण करायचे, नाहीतर तिथल्या लॉ स्कूलमध्ये नेमके तेच विषय शिकून. मग मिळतं ते फक्त पात्रतेचं प्रमाणपत्र. प्रांताच्या लॉ सोसायटीच्या परीक्षा आणि आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, त्यानंतर. आणि एनसीएचा पहिला अर्ज नागपुरात घरी बसून करता येतो! काहून नाही सांगितलं त्यानं हे? अर्ज केला असता तर त्याला एक पैसा कमिशन मिळालं नसतं, म्हणून.

वर त्यानं कोणतं एलएलएम गळ्यात मारलं? प्रबंधाचं. वर्षभर तिनं एका विषयावर शंभरच्या वर पानं लिहिली, मार्गदर्शकांनी कौतुक केलं, पदवी मिळाली. आणि एनसीएच्या पाचपैकी एकही विषय त्यातून सुटला नाही. एकही नाही! त्या रात्री फोनवर ती काही बोललीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मी तिचा भाऊ, मला फोन ठेवताही येईना.

देशादेशाचे नियम वेगळे, इतकी साधी गोष्ट आहे. न्यूयॉर्कमध्ये आपली पदवी अपुरी ठरली तर ठरावीक विषयांचं 24 क्रेडिटचं एलएलएम करून बारच्या परीक्षेला बसता येतं. बसता येतं, पास व्हायचं बाकीच. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2021 पासून सॉलिसिटर व्हायला एसक्यूई परीक्षा आहे, तिला एलएलएम लागतच नाही. आणि हे लोक एकच छापील पत्रक सगळ्या देशांना लावतात. अरे, आपल्याकडे तरी एलएलएम करून सनद मिळते का? एलएलबी लागतं, मग बार कौन्सिलची परीक्षा. वर्षानुवर्षं कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसालाही हे विसरायला लावतात, इतकं गोड बोलतात.

आता ती दिवसा नोकरी करून रात्री त्या परीक्षांचा अभ्यास करते. गुणपत्रकं थेट विद्यापीठाकडून जावी लागतात, म्हणून बाहेरगावी तिच्या जुन्या विद्यापीठात माझ्याच चकरा. मे महिन्यात एसटीनं तिथे पोचलो तर लिफाफ्यावर शिक्का बसला, पण चिकटवलेल्या कडेवर सही नव्हती. साहेब जेवायला गेलेले. साडेतीनला आले आणि म्हणाले, उद्या या. इकडे आत्या विचारते, "इतकं शिकून अजून वकील नाही झाली का रे ती?" तिला काय सांगू? तिची सनद आहे. तिचा कोट आजही आमच्या कपाटात टांगलेला आहे, पांढरा बँड खिशात तसाच घडी घालून.

फलकाचा फोटो काढला आणि ऑफिसात दाखवला. शेजारच्या टेबलावरचे काका गप्प झाले. त्यांच्या मुलीनं परवाच त्या एजंटकडे 25 हजार भरलेत, पावतीवर नुसतं 'बुकिंग' लिहिलंय. उद्या सकाळी साडेदहाला मी त्यांच्यासोबत तिथे जातोय. पैसे हातात पडल्याशिवाय आम्ही दोघं खुर्चीवरून उठणार नाही.