हीटमॅपमध्ये लाल म्हणजे आवडलं आणि निळं म्हणजे उडवा? थांबा जरा

वेबसाईटवाल्यांसाठी सल्ल्याची एक पोस्ट सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्यात म्हणणं असं की हीटमॅप (पानावर लोक कुठे क्लिक करतात, कुठवर खाली जातात ते रंगांत दाखवणारं चित्र, लाल म्हणजे जास्त, निळं म्हणजे कमी) लावा, सगळे व्हिजिटर एकत्र बघा, लाल दिसेल ते लोकांना आवडलं, निळं दिसेल ते उडवा, माउस फिरतो तिथेच नजर असते, आणि सेगमेंट-बिगमेंट, म्हणजे व्हिजिटरचे गट पाडून वेगवेगळं बघणं, हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. यातलं हीटमॅप लावा एवढं मान्य. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे असे मॅप काढून देणारं टूल 2020 पासून सगळ्यांना फुकट आहे, कोडचा एक तुकडा टाकला की चालू. बाकीचं एकेक करून बघू, आणि उदाहरणाला समजा देवगडचा एक बागायतदार आहे जो स्वतःच्या साईटवरून हापूसच्या पेट्या विकतो.

"सगळे एकत्र बघा." सगळ्यात जास्त वाट लावणारा मुद्दा हाच आहे. समजा पानावर 1000 जण आले, 800 मोबाईलवर आणि 200 लॅपटॉपवर. मोबाईलवाल्यांतले 25 टक्के भावाच्या तक्त्यापर्यंत पोचले म्हणजे 200 जण, लॅपटॉपवाल्यांतले 90 टक्के पोचले म्हणजे 180, एकूण 380, म्हणजे 38 टक्के. आता हा 38 टक्क्यांचा आकडा ना मोबाईलवाल्यांचा ना लॅपटॉपवाल्यांचा, आणि तो बघून तुम्ही अख्खं पान बदलायला घेणार, जेव्हा लॅपटॉपवर काही बिघडलेलंच नाहीये आणि मोबाईलवर फक्त तक्ता वर घ्यायचाय. क्लॅरिटी मोबाईल आणि पीसीचे मॅप वेगळेच दाखवते हे खरं, पण मालक लोक ऑफिसात लॅपटॉपवर बसून पीसीचाच मॅप बघतात आणि गिऱ्हाईक मोबाईलवर असतं, त्याचं काय करायचं?

आणि नुसतं डिव्हाईस वेगळं करून भागत नाही. गेल्या वर्षी पेटी घेतलेला माणूस येतो तो सरळ ऑर्डरच्या बटनावर, त्याला बाकी काही वाचायचं नसतं. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरून पहिल्यांदा आलेला मात्र शोधत असतो की आंबा खरंच देवगडचा आहे का, 2018 मध्ये मिळालेल्या जीआय टॅगचा (माल त्याच भागातला असल्याची सरकारी नोंद) उल्लेख कुठे आहे, खराब निघाला तर पैसे परत मिळणार का. दुबईत बसलेल्याला पुण्यातल्या आईवडिलांच्या पत्त्यावर पेटी पाठवायची असते म्हणून तो पत्त्याच्या रकान्यात अडकतो. हे तिघं एकाच मॅपवर टाकलेत की रंगांचा नुसता काला होतो. नवीन-जुने, देश, कुठून आले, हे फिल्टर टूलमध्ये तयारच असतात, फक्त व्हॉट्सॅपची गोची आहे, तिथून क्लिक करून आलेले बरेचदा डायरेक्टच्या, म्हणजे थेट पत्ता टाकून आलेल्यांच्या, खात्यात जातात, त्यामुळे ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकची शेपटी) लावूनच टाका.

"लाल म्हणजे आवडलं." नाही हो. लाल म्हणजे तिथे क्लिक जास्त पडले, बास. पेटीच्या फोटोवर लोक टॅप करतायत कारण त्यांना वाटतंय फोटो मोठा होईल, आणि तो होतच नाही. त्याला डेड क्लिक म्हणतात आणि क्लॅरिटीत तो वेगळा काढून बघता येतो. चिडून पटापट मारलेले रेज क्लिकही वेगळे दिसतात, पण तिथेही डोकं लावा, कारण डझनाचा आकडा 1 वरून 6 करायला माणूस प्लसच्या बटनावर भराभर टॅप करतो आणि टूलला वाटू शकतं की हा भडकलाय. व्हिजिटर पानावर कसा फिरला त्याची दोनचार रेकॉर्डिंग बघितली की कळतं.

"निळं उडवा." हे करू नका, प्लीज. डिलिव्हरीचा पिनकोड तपासायची जागा किंवा पैसे परत देण्याचे नियम एकत्र मॅपवर निळेच दिसणार, कारण बहुतेक लोक नुसते बघायला आलेले असतात. ऑर्डर पूर्ण केलेल्यांचा मॅप एकीकडे आणि न करता गेलेल्यांचा दुसरीकडे लावून बघा, तीच निळी जागा घेणाऱ्यांच्या मॅपवर तापलेली निघू शकते. अर्थात निघाली म्हणजे त्या जागेमुळेच ऑर्डर आली असं नाही, ज्याला घ्यायचंच असतं तो नियम वाचतोच. पण उडवायच्या यादीतून ती जागा बाहेर गेली ना!

माउस आणि नजरेचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. मोबाईलवर माउस नसतो. आणि लोक पान इंग्रजी एफच्या आकारात बघतात म्हणून जे चित्र फिरतं ते नील्सन नॉर्मन ग्रुप या, लोक वेबसाईट कशा वापरतात ते तपासणाऱ्या कंपनीच्या 2006 च्या अभ्यासातून आलंय, 232 जणांवरचा, त्यात डोळ्यांची हालचाल मोजली होती, माउसची नाही.

राहिला चोचल्यांचा मुद्दा, आणि हा अर्धा खरा आहे. महिन्याला 300 माणसं येणाऱ्या साईटने देश, डिव्हाईस, ब्राउझर, जाहिरात असे चार काप केले तर एकेका मॅपवर मूठभर क्लिक उरतात आणि गंमत म्हणजे तरीही मॅप लालभडकच दिसतो, कारण रंग त्या मॅपपुरता तुलनेने ठरतो. 12 क्लिकवालं लाल आणि 1200 क्लिकवालं लाल दिसायला सारखंच, म्हणून रंगाआधी आकडा बघायचा. छोट्या साईटला दोन काप पुरतात, मोबाईल-लॅपटॉप आणि घेतलं-नाही घेतलं.

हापूसवाल्याने मात्र तारखेचा कापही करावा. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात आलेला माणूस भाव बघून पेटी उचलतो, ऑगस्टमध्ये आलेल्याला उचलायला पेटीच नसते, तो पुढचा सीझन कधी ते शोधत खालीवर फिरतो आणि निघून जातो. त्याला ऑर्डरचं बटन दाखवून काय उपयोग, तिथे नंबर घ्यायचा रकाना ठेवा आणि मार्चमध्ये मेसेज करा.