अ‍ॅपला पत्ता लागत नाही म्हणे!

जळगाव-धुळ्याकडे अ‍ॅप बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ‘मोबाइल अ‍ॅपला अ‍ॅड्रेस बारच नाही, तर यूआरएलचं राउटिंग (प्रत्येक स्क्रीनला वेबसारखा पत्ता देणं) कशाला? ती वेबवाल्यांची हौस. स्क्रीनवर स्क्रीन पुश करा, म्हणजे एकीवर दुसरी ठेवत जा, विषय संपला. लिंकवरून अ‍ॅप नीट उघडतही नाही, वर कोणीही आत घुसतो. आणि क्लायंटने मागितलंच, तर शेवटी दोन दिवसांत लावून होतं.’ मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या शेवटच्या वाक्यावर मी स्वतः हात पोळून घेतलेत, म्हणून हे लिहितोय.

अ‍ॅड्रेस बार नाही, कबूल. पण आमचं केळीभावाचं अ‍ॅप लोक आयकॉन दाबून उघडतात कुठे? रावेरचा भाव आला की कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकतो आणि शिरपूरचा शेतकरी ती बागेत उभ्याउभ्या दाबतो. त्याला आमची होम स्क्रीन नको असते, रावेरचा भाव हवा असतो. नोटिफिकेशनचं तेच, क्यूआर कोडचंही तेच. बाहेरून नेमक्या स्क्रीनवर यायचं तर त्या स्क्रीनला नाव लागतं. यूआरएल म्हणजे ते नाव. (हौसेने आम्ही पत्त्यात ‘रावेर’ देवनागरीत लिहिलं होतं. कॉपी केल्यावर एकेका अक्षर-मात्रेची नऊ-नऊ चिन्हं झाली, पाचाची पंचेचाळीस! ती लिंक बघून लोकांना फसवणुकीचा वास यायला लागला. आता रोमन.)

पुश पुरतं, यात तथ्य आहे. तीन-चार स्क्रीनचं अ‍ॅप असेल तर खुशाल पुश करा. आम्ही वापरतो त्या फ्लटर या साधनाच्या १.२२ आवृत्तीसोबत २०२० मध्ये आलेली राउटरची (पत्ता बघून स्क्रीन उघडणाऱ्याची) नवी पद्धत मीही दोनदा वाचून सोडून दिली होती, इतकं लिहावं लागायचं. पण आता फ्लटरसाठी तेच काम सोपं करणारा गो-राउटर आहे. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे दुसरं साधन वापरणाऱ्यांना एक्स्पो राउटर आहे, तिथे तर फाइलचं नाव हाच पत्ता. त्या वेळचा राग आजच्या साधनांवर का काढायचा?

‘लिंक ब्राउझरमध्येच उघडते’ ही तक्रार मात्र खरी आहे, आणि बहुतेक वेळा दोष आपलाच असतो. अँड्रॉइडला लिंक आणि अ‍ॅप एकाच मालकाचे आहेत याचा पुरावा हवा असतो. तो आपल्या वेबसाइटवर असेटलिंक्स नावाच्या जेसन फाइलीत ठेवायचा, आणि त्यात अ‍ॅपच्या डिजिटल सहीचा एसएचए-२५६ ठसा (सही ओळखायची अक्षर-आकड्यांची लांब ओळ) द्यायचा. आम्ही दिलेला ठसा आमच्या लॅपटॉपवरच्या, सही करायच्या किल्लीचा होता. माझ्या फोनवर सगळं झकास चालायचं. पण प्ले स्टोअरवर अ‍ॅप गेलं की गूगल त्यावर स्वतःकडच्या किल्लीने सही करतं, म्हणजे ठसाच बदलतो. अँड्रॉइड १२ पासून पुरावा जुळला नाही तर फोन विचारतही नाही, सरळ ब्राउझर उघडतो. प्ले कन्सोलमधला (प्ले स्टोअरच्या आमच्या खात्यातला) ठसा फाइलीत टाकला आणि काम झालं. ओळ एक, शोधायला आठवडा.

सुरक्षेचं थोडक्यात. ‘आमचंअ‍ॅप://’ असल्या खासगी स्कीमवर (पत्त्याच्या सुरुवातीला https च्या जागी आपणच ठेवलेल्या नावावर) कोणतंही दुसरं अ‍ॅप दावा सांगू शकतं, तिथे भीती रास्त आहे. वर सांगितलेली पडताळणी त्यासाठीच आहे. बाकी, कोणाला काय दाखवायचं हे सर्व्हरने ठरवायचं. पत्ता लपवून कुलूप लागत नाही.

आता ते दोन दिवस. आमच्या यादीच्या स्क्रीनवरून तपशिलाच्या स्क्रीनला भावाचं अख्खं ऑब्जेक्ट (सगळ्या माहितीचं गाठोडं) हातात दिलं जायचं. नंतर राउटर बसवला तेव्हाही तेच ऑब्जेक्ट एक्स्ट्रामधून, म्हणजे राउटरच्या पत्त्याबाहेरच्या खिशातून, पाठवत राहिलो. अ‍ॅपच्या आत फिरताना सगळं सुरळीत. लिंकवरून थेट आलेल्याच्या हातात मात्र ऑब्जेक्ट नसतं, नुसता पत्ता असतो. डीबगमध्ये (आमच्या चाचणीच्या आवृत्तीत) अशा वेळी लाल पडदा ओरडतो, रिलीजमध्ये (लोकांकडच्या आवृत्तीत) करडा पडदा गप्प बसतो. शिरपूरहून फोन आला, “दादा, भाव कोठे शे? नुसता राखोडी पडदा दिखी राह्यना.”

मग प्रत्येक स्क्रीनला फक्त आयडी (नोंदीचा क्रमांक) घ्यायला आणि माहिती स्वतः आणायला शिकवावं लागलं. पत्त्यातून येतं ते सगळं अक्षरांत, म्हणून आकडा करताना तपासणी आली. आयडी चुकीचा निघाला तर काय दाखवायचं, हे ठरवावं लागलं. लिंकवरून आलेल्याने बॅक दाबलं की अ‍ॅपच बंद व्हायचं, म्हणून तपशिलाचा रूट (पत्त्याची वाट) यादीच्या पोटात घालावा लागला, म्हणजे मागे यादी सापडते. हे राउटर बसवणं नव्हतं, निम्मं अ‍ॅप उसवून पुन्हा शिवणं होतं.

‘लिंकची तयार सेवा घ्या’ असंही त्या मेसेजखाली कोणीतरी जोडलंय. गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स अशीच तयार सेवा होती, २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली.

आमच्या दोन स्क्रीन अजून जुन्याच पद्धतीच्या आहेत. त्यातली एक पेमेंटची आहे, आणि तिला हात कोणी लावायचा यावरून मी आणि माझा पार्टनर महिनाभर एकमेकांकडे बघतोय.