कुंडीतले पांडव

सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत कढीपत्त्याचं रोप आणायला गेलो आणि सायकस घेऊन आलो. "पाम आहे सर, काही करावं लागत नाही," नर्सरीवाला म्हणाला. यातलं पहिलं वाक्य खोटं होतं. दुसरंही.

सायकस पाम नाहीच. नारळ-सुपारीशी त्याचं काही नातं नाही. त्याला फूल नाही, फळ नाही, आणि घराणं डायनासोरांच्याही आधीचं. अशांना घाई कसली? पानं येणार वर्षातून एकदा, तीही सगळी एकदम. उरलेलं वर्ष साहेब नुसते बसून असतात आणि पाणी घालायला वाकलं की मनगटात टोचतात. लंडनच्या क्यू बागेत १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेला त्यांचा एक भाऊबंद अजून कुंडीतच आहे म्हणे. मला कौतुक वाटतं ते अडीचशे वर्षं त्याची कुंडी बदलणाऱ्यांचं.

तर पहिल्या पावसानंतर आमच्या सायकसच्या मधोमध तपकिरी लव दिसली. मग पानं वर आली, प्रत्येक पाती जिलबीसारखी आत वळलेली. घरात बारशाचं वातावरण. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आठवड्याने बघतो तर पानांच्या जागी नुसत्या काड्या.

"अगं बाई, खराटा आला!" बायको म्हणाली.

चष्मा लावून पाहिलं. तांदळाएवढ्या हिरव्या-तांबूस अळ्या, आणि भोवती मुंग्यांचा बंदोबस्त. अळी गोड रस देते, मुंग्या तो चाटतात आणि तिची राखण करतात. पुढे कळलं, हे एक इवलंसं निळं फुलपाखरू, आणि त्याच्या शास्त्रीय नावात चक्क 'पांडवा' आहे. म्हणजे मी कोण, ते सांगायला नको. शंभर जणांचं काम एकटाच करत होतो, चिमट्याने.

पानं कोवळी असेपर्यंतच धोका. एकदा राठ झाली की अळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. म्हणून पुढच्या वर्षी लव दिसल्यावर दोनच दिवसांत झाडावर जुनी मच्छरदाणी चढवली. "साहेब, झाडाला डेंग्यू झाला का?" वॉचमनने विचारलं. मी हसलो नाही.

पण त्या दोन दिवसांत अंडी घालून झाली होती. आता पक्षी बाहेर आणि पांडव आत, जेवणासकट. लाक्षागृह म्हणून बांधायला घेतलं, झालं इंद्रप्रस्थ.

मच्छरदाणी काढली तेव्हा आत पुन्हा खराटा आणि निळी फडफड. लेक मोजायला लागली. एक, दोन... पाच उडाली. सहावं कोपऱ्यात जाळीला धरून एकटंच बसलेलं.

"बाबा," ती म्हणाली, "हा कर्ण."