‘अंतिमा’ म्हणजे ‘नकुशी’च

माझ्या धाकट्या भावाला गेल्या महिन्यात तिसरी मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी, फुग्यांनी आणि झेंडूच्या माळांनी सजवलेल्या पाळण्याशेजारी उभे करून, आत्या म्हणून मला सांगण्यात आले की बाळाच्या कानात ‘अंतिमा’ असे म्हणायचे. हे नाव आधी मला कोणीही कळवले नव्हते. पाळण्यामागच्या फलकावर ते सोनेरी अक्षरांत लिहून तयार होते. भावाने मोबाइलवर शोधून काढलेले हे नाव संस्कृत आहे, वेगळे आहे, उच्चारायला सोपे आहे, असे सगळे एकमेकांना कौतुकाने सांगत होते; आणि त्याचा अर्थ ‘शेवटची’ असा होतो हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला, घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन बसलेल्या सात वर्षांच्या थोरल्या भाचीलासुद्धा, ठाऊक होते. माझा त्या दिवशीचा संताप अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी एकोणीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवत आहे. त्यातली पहिली आठ वर्षे सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात गेली. तिथे हजेरी घेताना ‘नकुसा’ हे नाव मी रोज उच्चारत असे. नकुशी, नकोशी, नकुसा, नकोसाबाई अशी त्या नावाची अनेक रूपे आहेत आणि सगळ्यांचा अर्थ एकच आहे: तू आम्हांला नको होतीस. एकामागून एक मुली झाल्या की शेवटच्या मुलीचे नाव असे ठेवावे, म्हणजे देवाला निरोप पोहोचतो आणि पुढच्या खेपेस मुलगा होतो, अशी ही समजूत आहे. निरोप देवाला द्यायचा आणि त्याचा कागद मात्र त्या लेकराच्या कपाळावर जन्मभरासाठी चिकटवायचा, यापेक्षा क्रूर रीत माझ्या पाहण्यात नाही.

चौथीच्या वर्गात एकदा मी मुलांना आपापल्या नावाचा अर्थ घरी विचारून यायला सांगितले होते. तो गृहपाठ देताना वर्गात नकुसा बसलेली आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही आणि त्याबद्दल मी स्वतःला आजही क्षमा केलेली नाही. दुसऱ्या दिवशी ती आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, माझं नाव चांगलंय. माझ्या पाठीवर भाऊ झाला. आजी म्हणते, माझं नाव लागू पडलं.” औषध लागू पडावे तसे नाव लागू पडले होते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या जन्माचा उपयोग एवढाच सापडला होता की तिच्या तिरस्काराने भावाला वाट करून दिली. कबड्डीचे गट पाडताना मुले तिच्या नावाचे काय करत असत ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ते नाव ठेवले त्यांना ते कधी ऐकावे लागले नाही, एवढेच सांगते.

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण झाले. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली झाली. मुलींनी स्वतःची नावे स्वतः निवडली आणि नव्या नावाची प्रमाणपत्रे हातात घेतली. त्या दिवशी मला खरोखर वाटले होते की ही गोष्ट आता मिटेल. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८९४ भरली. १९९१ मध्ये ती ९४६ होती आणि २००१ मध्ये ९१३. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, आपल्याच राज्याने केला होता, तरीही आकडा उतरतच राहिला. जिला जन्मच दिला नाही तिला नाव ठेवण्याचा प्रश्न आला नाही, आणि जी जन्मली तिला नावातून सांगून ठेवले. या दोन्ही गोष्टी एकाच मनातून निघतात आणि ते मन गावात राहते तसेच बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही राहते, हे मला माझ्या सख्ख्या भावाच्या घरी उभे राहून कळावे, याचा मला सर्वाधिक राग आहे.

भावाला मी तिथेच बाजूला घेऊन विचारले, तेव्हा त्याने मला ऐकवले, “ताई, महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं. काय अडलं त्यांचं?” शिकलेल्या माणसाने इतके उथळ बोलावे, हे मला सहन होत नाही. धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकाजी ही नावे कशासाठी ठेवत असत, हे आमच्या आजीच्या मांडीवर बसून आम्ही दोघांनी एकत्र ऐकले आहे. ज्या घरात मुले जगत नसत, पाळणा हलायला लागला की काही महिन्यांत रिकामा होत असे, त्या घरातली आई पुढच्या लेकराला सुपात घालून केरात ठेवी आणि तिथून उचलून घरात आणी. हा तर केर आहे, दगड आहे, भीक मागून आणलेला आहे, याच्याकडे कोणी पाहू नका, मृत्यूनेसुद्धा पाहू नये, म्हणून ते ओबडधोबड नाव. समजूत खुळी असेल, पण त्या नावाच्या आत ‘हे मूल जगू दे’ अशी धाय मोकलून केलेली विनवणी होती. नकुशी आणि अंतिमा या नावांत हिच्यासारखी दुसरी येऊ नये, एवढीच मागणी आहे. ज्या माणसाने १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ उभे केले, त्याचे नाव पुढे करून तिसऱ्या मुलीला ‘आता पुरे’ म्हणणे, हा कर्व्यांचा अपमान आहे, असे मी त्याला सांगितले. त्यावर तो पाहुण्यांकडे निघून गेला.

नावातून माणसाची पायरी दाखवून देण्याची खोड आपल्याकडे जुनीच आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलयुक्त असावे, वैश्याचे धनयुक्त असावे आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकताच किळस यावी असे, असावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. गावोगावच्या जुन्या दप्तरांत ज्यांची नावे हिणकस आढळतात त्यांतल्या कितींनी ती आपल्या खुशीने ठेवली असतील, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. तिथे निदान हीन नाव लादणारा परका तरी होता. मुलीच्या बाबतीत ते तिचे स्वतःचे आजी-आजोबा आणि आई-बाप लादतात, आणि वर पेढे वाटतात.

हे केवळ महाराष्ट्राचे दुखणे आहे, असेही नाही. तमिळनाडूत ‘वेंडाम’ नावाच्या मुली आहेत आणि त्या शब्दाचा अर्थ ‘नको’ असा आहे. राजस्थानात ‘धापू’ आहे, म्हणजे पोट भरले. हरियाणात ‘भतेरी’ आहे, म्हणजे पुष्कळ झाल्या. भाषा बदलते, शिसारी तीच राहते. शहरातल्या माणसाला ‘नकुशी’ म्हणायची लाज वाटते, म्हणून त्याने तोच अर्थ संस्कृतात नेऊन धुऊन आणला आहे. माझी आईच मला त्या दिवशी म्हणाली, “अगं, आमच्या वेळी सरळ नकुशी ठेवलं असतं. हा बिचारा किती शोधून ठेवतोय!” आईचे वय पाहता मी तिच्याशी भांडले नाही, पण तिच्या त्या एका वाक्याने भावाचे सगळे वेगळेपण उघडे पाडले.

नंतर सुरू झाल्या त्या सबबी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्या मला पाठ आहेत. कृत्तिका नक्षत्राचा पहिला चरण आहे, ‘अ’ हे अक्षर आले आहे, आम्ही काय करणार, असे मला सांगण्यात आले. ‘अ’ या अक्षरावर अरुंधती आहे, अहिल्या आहे, अपर्णा आहे, अनुराधा आहे, अमृता आहे. एवढी नावे सोडून अक्षराचा दोष दाखवायचा आणि शोधत शोधत नेमके ‘शेवटची’ या शब्दावर बोट ठेवायचे, याला नक्षत्र जबाबदार नाही. कोणी म्हणाले की आजकाल अर्थाकडे कोण पाहते. अर्थाकडे पाहायचेच नव्हते, तर तिसऱ्याच मुलीला हे नाव का सुचले, पहिल्या मुलीला का सुचले नाही?

पण मला खरा घाव बसला तो एका नातेवाईक बाईंच्या बोलण्याने. त्या म्हणाल्या, “एवढं काय मनाला लावून घेतेस, लग्नात नाव बदलतंच की!” तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहायची आपल्याकडची रीत या बाईंना सांत्वन म्हणून आठवली. म्हणजे जन्मापासून पंचवीस वर्षे ती मुलगी आई-बापांनी दिलेला नकार वागवत राहणार आणि मग एक परका मुलगा दया येऊन तिला माणसाचे नाव देणार, अशी ही योजना आहे. एक वाईट रीत झाकायला दुसरी वाईट रीत पुढे करायची आणि दोन्हींची किंमत मुलीकडूनच वसूल करायची! मी स्वतः लग्नात नाव बदलू दिले नाही, त्यामुळे या घरात माझी ख्याती भांडखोर अशीच आहे आणि त्या दिवशी ती आणखी पक्की झाली. झाली तर होऊ दे.

या सगळ्या गोंधळात माझी भावजय एक अक्षर बोलली नाही. सिझेरियनच्या टाक्यांवर हात ठेवून ती भिंतीशी बसून होती. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्राने ठरते, हे आठवी-नववीच्या पोरांनाही शिकवले जाते, तरी पाहुण्या बायका तिच्याकडेच पाहून उसासे टाकत होत्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावापाठोपाठ आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम आला आहे. आईचा मान राहावा म्हणून केलेला हा नियम आहे. आता कल्पना करा की प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक निकालपत्रकावर आधी ‘अंतिमा’ आणि लगेच पुढे त्या बाईचे नाव छापले जाणार, म्हणजे लेकीबरोबर आईच्याही नावावर कायमचा शेरा बसणार. हे मी भावजयीला हलक्या आवाजात सांगितले, तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिले.

नाव नंतर बदलता येते, हेही मला सांगू नका. ते बदलण्यासाठी काय करावे लागते, हे मी पालकांबरोबर कार्यालयांच्या पायऱ्या चढून पाहिलेले आहे. एकदा नाव जन्मनोंदीत चढले की ते आधार कार्डावर जाते, मग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जाते, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते. नंतर ते पुसायचे म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी, शिक्षण विभागाची मंजुरी, आणि प्रत्येक खिडकीवर ‘नाव का बदलायचे आहे’ या प्रश्नाला उत्तर. ‘मी माझ्या घरच्यांना नको होते’ हे उत्तर त्या मुलीने किती खिडक्यांवर द्यायचे?

म्हणून मी बारशाच्या दिवशी जे केले ते सांगते. आत्या म्हणून कानात नाव सांगण्याचा मान माझा होता आणि तो मी वापरला. सगळ्या बायका “कुर्रर्र” करत माझ्या पाठीवर थापा मारत होत्या तेव्हा मी पाळण्यात वाकले आणि बाळाच्या कानात ‘अदिती’ असे म्हणाले. तेही ‘अ’ अक्षरावरचेच नाव आहे आणि त्याचा अर्थ जिला बंध नाहीत, सीमा नाही, अशी. मग मी सरळ उभी राहून तेच नाव मोठ्याने सांगितले. खोलीत शांतता पसरली, भावाने फलकाकडे पाहिले, आई रडू लागली, आणि अर्ध्या तासात मी बॅग उचलून परतीच्या एसटीत बसले. त्या दिवसापासून भाऊ माझा फोन उचलत नाही.

रुग्णालयाने जन्माची नोंद नावाशिवाय पाठवलेली आहे. कायद्याप्रमाणे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क लावता येते, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत लावता येते. हे मी भावजयीला लिहून कळवले आहे आणि अर्जावर आईची सही चालते की नाही, हे नोंदणी कार्यालयातच जाऊन विचारायला सांगितले आहे. काल रात्री तिचा दोन ओळींचा निरोप आला की मोठ्या दोघी बाळाला ‘अदू’ म्हणून हाक मारायला लागल्या आहेत आणि सासूबाईंनी अजून त्यांना हटकलेले नाही. बाळ आज एकेचाळीस दिवसांचे झाले आहे आणि दाखल्यावरचा नावाचा रकाना अजून कोरा आहे.